तिसरी जोडी

महालिंगअप्पा. जिंतूरचे महालिंगअप्पा पेटीवाले.

हे नाव आधी लिहून टाकतो. पुढं लिहिताना हात मागं सरला, तरी एवढं तरी कागदावर राहील. मी आज जो कोणी आहे — बी. ए. झालेला, परभणीच्या एका कचेरीत कायम झालेला, गावी आईला मनिऑर्डर करणारा — तो या माणसामुळं आहे. आणि या माणसाशी मी जे वागलो, ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एकदा सांगितल्यासारखं केलं होतं. पण ते सांगणं नव्हतं. ते काय होतं, तेही लिहीन.

तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही अप्पांना ओळखत नाही, म्हणून असेल.

अप्पा बाजाच्या पेट्या दुरुस्त करत. फाटलेला भाता चिकटवणं, अडकलेली पट्टी मोकळी करणं, ही कामं कुणीही करतं. अप्पांकडं लोक येत ते सुरासाठी. पेटीच्या पोटात पितळेच्या लहान लहान जिभा असतात, त्यांनाच सूर म्हणतात. चांगल्या पेटीत एका पट्टीखाली असे दोन सूर असतात, आणि दोघांनी एकच बोललं पाहिजे. केसाएवढा फरक राहिला तरी आवाज एका जागी ठरत नाही, पुढं-मागं हलत राहतो. अप्पा त्याला झोका म्हणत. जिभेच्या टोकाला कानस फिरवली की सूर चढतो, मुळाशी फिरवली की उतरतो. काढायची, घासायची, बसवायची, ऐकायची — पुन्हा काढायची. झोका थांबला की अप्पा म्हणत, "मिळाले." सोयरीक जुळल्यासारखं म्हणत.

आठवीला मी जिंतूरच्या शाळेत आलो. आमच्या घरात अक्षर ओळखणारा पहिला मीच. छप्पन्नच्या दीक्षेनंतर वडिलांनी एवढंच ठरवलं होतं की पोरगं शिकेल. कुठं राहील, काय खाईल, ते ठरवलं नव्हतं. त्यांनी कधीतरी अप्पांच्या दुकानाची भिंत बांधली होती, तेवढीच ओळख. अप्पा लिंगायत, रोज पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारे. त्यांनी मागची खोली उघडली आणि मला म्हणाले, "ते चामडं सरकव तिकडं, अन् टाक पथारी."

गल्लीतला एकजण दुकानात येऊन विचारून गेला, "अप्पा, ह्ये पोरगं कुनाचं म्हनायचं?"

अप्पा भाता दाबत होते, ते दाबतच राहिले. "पेटीत हवा शिरायलीय ती कुनाच्या गल्लीतली, ते इचारलास का कवा?"

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी माठ दाखवला आणि तांब्या माझ्या हातात दिला. त्या तांब्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

मॅट्रिक होईपर्यंत मी तिथंच राहिलो. ऐकून ऐकून माझाही कान तयार झाला. पुढं परभणीला कॉलेजात गेलो तरी शनिवारी एस. टी. नं जिंतूरला यायचो. मी दुसऱ्या वर्षाला असताना अप्पांचा कान जायला लागला. आधी बारीक सूर गेले, मग मधले. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती — ते, अक्का आणि मी. तेव्हापासून शनिवारचं काम असं ठरलं: हात अप्पांचा, कान माझा. ते घासत, बसवत, भाता दाबत आणि माझ्या तोंडाकडं बघत. "मिळाले का रं, उत्तमा?"

इथं थांबावंसं वाटतं. पण थांबलो तर मग हे लिहायला घेतलं कशाला?

त्या शनिवारी ताडकळसच्या भजनी मंडळाची पेटी होती. एका जोडीवर मी पाच वेळा "अजून न्हाई" म्हणालो. पाच वेळा अप्पांनी जीभ काढली, घासली, बसवली. सहाव्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. झोका होता. बारीक होता, संथ होता — पण होता. माझी परभणीची गाडी निघायची वेळ झाली होती, सोमवारी पेपर होता. नाही, हे कारण म्हणून सांगत नाही. पेपर नसता तरी मी तेच म्हणालो असतो. मला कंटाळा आला होता, एवढंच खरं आहे. मी म्हणालो, "मिळाले, अप्पा."

किती सोपं होतं ते! अप्पांचा चेहरा मोकळा झाला, अक्कांनी चहा टाकला, मला गाडी मिळाली. पुढच्या शनिवारी पुन्हा तसंच म्हणालो. मग त्याची सवयच झाली. कधी खरंच मिळालेले असत, कधी नसत; मी तिसऱ्या-चौथ्या खेपेला "मिळाले" म्हणून मोकळा व्हायचो. दोन वर्षं. किती पेट्या अशा गेल्या, ते मला माहीत आहे आणि मी ते लिहिणार नाही.

पेट्या परत यायला लागल्या. ताडकळसचे बुवा म्हणाले, "अप्पा, पेटी लय वरडायलीय हो. भजन म्हनावं का भांडत बसावं, कळंना झालंय." अप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पितळ खराब असेल म्हणाले. पुढं पितळाचं नाव घ्यायचं सोडलं आणि स्वतःच्या बोटांकडं बघायला लागले. एकदा मला म्हणाले, "कान गेलाय त्ये कळायलंय मला. पर हातबी जातो का रं असा?"

तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी म्हणालो, "वय झालं, अप्पा."

दुष्काळाच्या वर्षी मी बी. ए. झालो. पुढच्या वर्षी परभणीत नोकरी लागली. आमच्या कचेरीत एक साहेब होते, शिकायला परदेशी राहून आलेले, स्वभावानं भले. त्यांची बदली झाली आणि ते घरातल्या काही वस्तू काढून टाकायला लागले. त्यात हेडफोन होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं असतात तसले नव्हेत — गाणं चोख ऐकता यावं, एवढ्याचसाठी केलेले, कानावर उशीसारखे बसणारे. किंमत माझ्या तीन पगारांची. एवढे पैसे कोण कानाला बांधून घेणार, म्हणून कचेरीत सगळे हसत होते. तीच गंमत मी शनिवारी जिंतूरला सांगितली. ओरडून सांगितली, कारण अप्पांशी आता ओरडूनच बोलावं लागे.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी कानात घालायचं यंत्र लावून बघितलं होतं. त्यात सुरापेक्षा बाजारच जास्त ऐकू यायचा. मग लाऊडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या रहीमभाईंनी माइक आणि मशीन जोडून, लष्कराच्या भंगारातले हेडफोन लावून दिले होते. आवाज मोठा यायचा, पण पितळ आणि पत्रा सारखाच वाजायचा. झोका त्यात बुडून जायचा. अप्पांनी मला विचारलं, "हे चोख असलं, तर झोका दिसंल का रं मला?" ऐकू येईल असं नाही म्हणाले. दिसंल म्हणाले.

मग घ्यावेत की न घ्यावेत, यावर दुकानात पंचायत बसली. रहीमभाई म्हणाले, "अप्पा, वो गाना सुनने की चीज है, सुर घिसने की नहीं." अक्का आतून आल्या आणि कानातल्या सोन्याच्या कुड्या काढून त्यांनी पेटीवर ठेवल्या. रहीमभाईंना हसू आवरेना. "अरे वा! भाभी के कान का उतार के अपने कान को लगाते क्या अप्पा?" अक्काही हसल्या. म्हणाल्या, "माझ्या कानात नुसतं लटकायलंय. ह्यांच्या कानावर काम तरी करंल."

अप्पांनी कुड्या उचलून त्यांच्या हातात परत दिल्या. "आधी उत्तम ऐकून येईल. माझा कान आता खोटी साक्ष द्यायलाय, मी ऐकून काय उपेग? त्यो घ्या म्हनला तर घ्यायचं. न्हाई म्हनला तर ह्यो धंदा बंद."

त्यांनी रहीमभाईंच्या टेपवर तीन जोड्या वाजवून कॅसेट भरली आणि माझ्याकडं दिली.

रविवारी सकाळी मी साहेबांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, कॅसेट लावली, हेडफोन माझ्या डोक्यावर स्वतः बसवले आणि बाहेर बागेत गेले. — असलं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही. आधी दुकान ऐकू आलं. भात्याचं चामडं दुमडल्याचा आवाज. अक्कांच्या बांगड्या, आत, लांब. अप्पांचा श्वास. मग अप्पांचा आवाज, ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा गरजेपेक्षा मोठा: "उत्तमा, ही पहिली. हिच्यात मी मुद्दाम लय फरक ठिवलाय." झोका स्पष्ट होता. "ही दुसरी. हिच्यात कानशीचे दोनच हात फरक." तोही स्पष्ट होता. मोजता आला असता.

"अन् ही तिसरी. पेडगावच्या पेटीतली, तू मागल्या महिन्यात मिळाली म्हनलास ती. ही खरी धर, अन् हिच्यावरून त्या दोन ताडून बघ."

तिसरी जोडी वाजली. दुसरीपेक्षा तिचा झोका मोठा होता.

मी कॅसेट मागं घेऊन पुन्हा ऐकली. का ऐकली? पहिल्यांदाच कळलं नव्हतं का?

ती एकच जोडी असती तर जिंतूरला जाऊन गुपचूप मिळवून आलो असतो. पण हे हेडफोन अप्पांच्या कानावर बसले असते, तर त्यांनी सगळ्यात आधी तिसरी जोडी ऐकली असती आणि मग एकेक करून दोन वर्षं ऐकली असती. त्यांचा हात कधीच गेला नव्हता, हे त्यांना कळलं असतं. आणि मग काय गेलं होतं, तेही. साहेबांनी आत येऊन विचारलं, "कसे आहेत?" मी म्हणालो, "उत्तम आहेत." ते हसले, माझ्या नावावरून. त्या दिवशी मी बोललेली तेवढीच गोष्ट खरी होती.

मी पत्र पाठवलं. ते कसं पोचलं, कुणी वाचून दाखवलं, मला माहीत नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा दुकान आवरलेलं होतं. कानशी, चिमटे, सुरांचे डबे, सगळं अप्पांनी नांदेडच्या एका कारागिराला देऊन टाकलं होतं. ते ओट्यावर बसले होते, हात मांडीखाली घेऊन. गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमचा उत्तम जाऊन ऐकून आला, म्हनून फसलो न्हाई." अक्कांनी मला आत बोलावून गूळ-शेंगा दिल्या. म्हणाल्या, "तुझ्यामुळं माझं कानातलं राहिलं बग." मी ते शेंगदाणे खाल्ले.

अप्पा त्यानंतर चार वर्षं होते. पेटीला पुन्हा हात लावला नाही. शेजारी कुणाच्या घरी पेटी सुरू झाली की — त्यांना ती ऐकू यायची नाही, पण माणसांच्या माना हललेल्या दिसायच्या — ते उठून आत जात. शेवटच्या वर्षी त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. तेव्हा एकदा मी त्यांच्या समोर बसून सगळं बोललो. पहिल्या शनिवारपासून तिसऱ्या जोडीपर्यंत, साध्या आवाजात. अक्का देवळात गेल्या होत्या. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते, पूर्वी बघायचे तसे. माझं झाल्यावर त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "व्हय, व्हय. जेवून जा." याला सांगणं म्हणत नाहीत. ऐकू येत असतं तर मी तोंड उघडलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आधी कच्चं लिहून मग पक्कं करायची सवय मला जिंतूरच्या शाळेत लागली. त्या पत्राचा कच्चा कागद माझ्याकडं आहे. त्यात एकही खाडाखोड नाही.

तीर्थरूप अप्पांस,

उत्तमचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, आपण सांगितल्याप्रमाणे रविवारी साहेबांच्या घरी जाऊन हेडफोन लावून ऐकले. कॅसेट दोन वेळा शांतपणे ऐकली. वस्तू दिसायला सुरेख आहे, परंतु आपल्या कामाची नाही. पहिल्या जोडीचा झोका थोडासा कळतो, दुसरीचा अजिबात कळत नाही. तिसरी जोडी मिळालेली आहे, ती तशीच मिळालेली ऐकू आली. एवढी किंमत देण्यात अर्थ नाही. अक्कांनी कुड्या मोडू नयेत. माझ्या मते आता आपण कामाचा त्रास घेऊ नये. आपण खूप केलं. कान आणि हात दोन्ही थकले, की माणसानं विश्रांती घ्यावी. मी आहेच. अक्कांना नमस्कार सांगावा.

आपला मुलगा,
उत्तम