सहा फूट पाच इंच, बुटांसकट

“तेरी हाइट कितनी है? असली वाली,” थॉमस सरांनी विचारलं.

मी बूट बांधत होतो. म्हणालो, “सिक्स-फाइव, सर. हर प्रोग्राम में वही छपा है.”

“वही तो दिक्कत है.”

ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं उंचीच्या जिवावर पोट भरलं, त्याला उंचीचीच अडचण व्हावी, हे मला नवीन होतं.

आधी माझा धंदा सांगतो. मी बास्केटबॉल खेळायचो, पैसे घेऊन. पण पोस्टरवर फोटो येतो त्यातला मी नव्हे. एखाद्या टीमचा उंच खेळाडू जखमी झाला की ते फोन करायचे आणि मी बॅग उचलायचो. जालंधर, कोइंबतूर, इंफाळ, एक सीझन नेपाळ. कितीदा तर जर्सीवर दुसऱ्याचं नाव असायचं आणि त्यावर पांढरी टेप चिकटवलेली असायची. काम ठरलेलं : समोरच्या टीमच्या सर्वांत उंच माणसाला बास्केटजवळ येऊ द्यायचं नाही. धक्के खायचे, द्यायचे, सीझन संपला की घरी यायचं.

फक्त माझ्या गावात, भिलाईत, पैसे घेऊन कधी खेळलो नव्हतो. पस्तिशी उलटली, गुडघा बोलायला लागला, आणि तेवढ्यात आमच्याकडे एक नवी प्रायव्हेट लीग आली. त्यातली एक टीम भिलाईची. कोच थॉमस सर. त्यांनी मला घेतलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आई-बाबांनी मला मोबाइलवरच खेळताना पाहिलं होतं, तेही नेटवर्क असेल तर. ही एवढी एक लीग खेळायची आणि थांबायचं, असं मी ठरवलं होतं.

आणि आता हा नियम आला. मोठ्या गावांनी सगळे ताडमाड खेळाडू गोळा करू नयेत, म्हणून प्रत्येक टीममध्ये सहा फूट चारच्या वरचा एकच खेळाडू चालणार होता. आमच्याकडे पंजाबहून आलेला गुरजंट होता, जवळजवळ सात फुटी. म्हणजे आमची जागा भरलेली. मी चारच्या वर निघालो तर मी बाहेर.

“नापेंगे कब?” मी विचारलं.

“मैच के दिन. सुबह नौ बजे, नंगे पैर.”

आता सहा-पाच हा आकडा आला कुठून? पहिल्या टीमच्या मॅनेजरने मला बुटांसकट मोजलं आणि सहा-तीन लिहिलं. दुसरा म्हणाला, पोरगा वाढत्या वयाचा आहे, चार लिहा. तिसऱ्याने समोरच्या टीमला घाबरवायला पाच केले. पुढे सगळे एकमेकांचं पाहून छापत गेले. लग्नाच्या बायोडाटातही तेच गेलं. घरी मोजून का पाहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्यात कोणी स्वतःची उंची मोजत नाही, ती छापून येते. बुटांचे आणि मॅनेजर लोकांचे वजा करून, त्यानंतर वाढलो असेन ते धरून, मी मनाशी हिशेब केला : सहा-चार आणि वर थोडंसं. ते थोडंसंच गळ्याशी येणार होतं.

टीमच्या फिजिओने आणखी भर घातली. पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ गाद्या असतात. झोपेत त्या फुगतात, दिवसभर उभं राहून, ओझं उचलून दबतात. म्हणून माणूस सकाळी सर्वांत उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सेंटीमीटरभर उतरतो. आणि मोजणार सकाळी नऊला!

आदल्या दिवशी मी गावातल्याच कॅम्प-१ वस्तीत आई-बाबांकडे राहायला गेलो. आम्हा नवरा-बायकोच्या जुनवानीतल्या फ्लॅटमध्ये तांदूळ पाच-पाच किलोच्या पिशव्यांत येतो. मला पोतं पाहिजे होतं. बाबा स्टील प्लांटातून रिटायर झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तुले आता कमी करून राहिले का बे?”

“कमी नाही, मोजून राहिले. जास्त निघालो तं काढतीन.”

“आमच्या भरतीत कमी निघाला तं काढत होते,” बाबा म्हणाले. “पोतं चांगलं आहे पण. धानाचे पोते वाहून वाहूनच मी असा राहिलो, नाही तं मीबी तुह्याएवढा असतो.”

“तुमी पयलेपासून असेच होते,” आई आतून म्हणाली. “मी पाह्यलं होतं.”

पहाटे उठलो आणि तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन गल्लीत फेऱ्या मारायला लागलो. बसायचं नाही, टेकायचं नाही. चहासुद्धा पोतं घेऊन उभ्यानेच प्यायलो. उजाडलं तशी गल्ली जागी झाली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा साहू शटर उघडत होता. मी त्याच्यासमोरून तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याला राहवलं नाही.

“का होगे भइया, चाउर खराब निकल गे का?”

पोतं त्याच्याकडचंच होतं; तांदूळ खराब निघाला म्हणून परत आणलाय, असं त्याला वाटलं. मी नाही म्हणालो, पण पुढच्या फेरीला दोन गिऱ्हाइकं त्याच्याशी वाद घालत होती. मग मी गल्ली बदलली.

तेवढ्यात वैशालीचा, माझ्या बायकोचा, फोन आला. ती शाळेत शिकवते, तिचं बोलणं मुद्द्याचं असतं.

“कमी झाले का तुमी?”

“होऊन राहिलो.”

“जास्त कमी होऊ नका. मी सहा-पाच पाहून हो म्हटलं होतं.”

नऊला हॉलमध्ये पोचलो. पाठ अशी अवघडली होती की मोजे काढायला गुरजंटने मदत केली. मी पट्टीखाली उभा राहिलो. लीगच्या माणसाने डोक्यावर फळी टेकवली आणि वाचलं, “एक सौ नवासी.”

म्हणजे एकशे एकोणनव्वद सेंटीमीटर. सहा फूट दोन आणि वर चिमूटभर. सहा-चारची रेषा होती एकशे त्र्याण्णववर. पोत्याने फार तर एक सेंटीमीटर खाल्ला असेल. बाकीची उंची कधी नव्हतीच.

“एक बार फिर देखिए,” मी म्हणालो. आणि पहाटेपासून उंची दाबत बसलेला मी, मान ताणून, छाती फुगवून उभा राहिलो. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

“एक सौ नवासी. आपको तो कोई दिक्कत ही नहीं है.”

“दिक्कत है,” मागून थॉमस सर म्हणाले. त्यांनी मला बाजूला घेतलं. “सामने सिक्स-नाइन वाला है. गुरजंट बैठेगा तो उसे कौन रोकेगा? मैंने सिक्स-फोर वाला समझ के लिया था. दोपहर तक दूसरा लड़का बुला लेता हूँ.”

मला खरंच वाईट वाटलं. उंच म्हणून जाणार होतो ते परवडलं असतं. बुटका म्हणून, तोही आपल्याच गावात, हे जिव्हारी लागलं.

“सर, परसों प्रैक्टिस में गुरजंट को मैंने कितनी बार बॉल लेने दी?”

“दो-तीन बार.”

“तब मैं कितने का था?”

सरांनी पट्टीवरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, “आज का मैच खेल. फिर देखते हैं.”

संध्याकाळी आई-बाबा आणि वैशाली पहिल्या रांगेत होते. गुरजंट दम खायला बसला, मी आत गेलो. आणि गंमत अशी झाली की मी घाबरलो. त्या सहा-नऊवाल्याकडे मी पहिल्यांदाच खालून वर पाहत होतो. असले कितीतरी मी वर्षानुवर्षं अडवले होते, पण तेव्हा मी सहा-पाचचा होतो ना! आता मला खरा आकडा माहीत होता. मी एक पाऊल लांब राहिलो आणि त्याने लागोपाठ तीन बास्केट केले.

सरांनी टाइमआउट घेतला. “ऊपर क्या देख रहा है? कमर देख उसकी.”

हे तर मी स्वतः टीममधल्या नव्या पोरांना शिकवायचो. बॉल वर असतो तेव्हा उड्या मारणारे खूप असतात. आपण आधीच समोरच्याच्या मांडीला पाठ लावून, गुडघे वाकवून बसायचं. पाय रोवले की तो कितीही उंच असो, वरून येऊ शकत नाही. याला बॉक्स-आउट म्हणतात. यात उंची कमी आणि निगरगट्टपणा जास्त लागतो. मी त्याला पाठ लावली, आणि मग वर पाहिलंच नाही. अवघडलेली कंबर शिव्या देत होती, पण तो बास्केटजवळ पुन्हा आला नाही.

मॅच आम्ही थोडक्यात हरलो. पण सरांनी दुसऱ्या पोराला फोन केला नाही, आणि मी ती लीग पूर्ण खेळलो.

मॅचनंतर तो सहा-नऊवाला हात मिळवायला आला. “भैया, आप कितने के हो? सिक्स-फाइव?”

“सिक्स-टू.”

तो हसला. “झूठ मत बोलो, यार,” म्हणाला आणि निघून गेला.

त्या रात्री मला चांगली झोप लागली. आता मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवतो. त्या उंची विचारतात तेव्हा मी सांगतो, मोजायचीच असेल तर रिटायर झाल्यावर मोजा. मला आधी कळली असती तर मी जालंधरलाही गेलो नसतो.