एक दगड राहिलाय

मे महिन्यातला रविवार, सकाळची वेळ, डॉर्सेटमधल्या एका खेड्याचं चर्च. हजर: डॉक्टरकाका, गावच्या व्हिकरबाई म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, चर्चची देखभाल बघणारा म्हातारा जेफ आणि त्याच्याइतकीच म्हातारी त्याची कुत्री, ब्रिस्टलहून आलेले आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझा नवरा हेमंत. गैरहजर: काकू. त्यांचं नाव मी सवयीने लिहिलं आणि मग खोडलं नाही.

डॉक्टरकाकांना या मुलखातलं जे माहीत नाही ते घडलेलंच नाही, असं खुशाल समजावं. साताऱ्याकडचा हा माणूस तरुणपणी वर्षभराच्या नोकरीसाठी इथे आला आणि गावचा डॉक्टर होऊन जन्मभर राहिला. इथला भूगोल त्यांनी पेशंटांवरून पाठ केला आहे. खडूच्या टेकड्यांवर राहणाऱ्यांचे गुडघे जातात आणि खालच्या चिकणमातीवर राहणाऱ्यांची छाती भरते, हा त्यांचा सिद्धांत आहे, आणि समोरचा माणूस दोन्हीकडचा नसेल तर ते बेचैन होतात. चर्चमागचा चढ त्यांच्या लेखी चढ नाहीच. "दोन अँजायना आणि एक नवा गुडघा," असं ते त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात. गाडीत रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह त्यांनी कधी लावला नाही, कारण "ती बाई इथली नाही." पत्ता विचारला तर आज तिथे काय आहे ते सांगणं त्यांना जमत नाही, काय होतं तेवढंच सांगतात. पहिल्यांदा आम्ही त्यांच्या घरी निघालो तेव्हा हेमंतला त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "डेअरी जळाली तिथे डावीकडे वळ, आणि एल्मची झाडं होती तिथून सरळ ये." डेअरी आमच्या जन्माआधी जळालेली आणि एल्म एका रोगाने कधीच गेलेले. आम्ही जेवायला पोचलो ते चहाच्या वेळेला. काकूंनी आमटी पुन्हा गरम केली आणि म्हणाल्या, "अहो, जिवंत खुणा सांगत जा हो माणसांना."

दोन्हीकडे उंच कुंपणं असलेल्या इथल्या गल्ल्यांत समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी गाडी मागे घ्यायची असते. काका नेहमी स्वतःच घेत, पण त्याआधी काच खाली करून ट्रॅक्टरवाल्याला त्याच्या आजोबांचा हर्निया आणि त्या गल्लीचा इतिहास असं दोन्ही ऐकवत. मी पंचवीस मिनिटं प्रवासाला धरली असली की त्यात पंधरा काकांची धरत असे.

तर त्या रविवारी आम्ही जमलो ते शीव फिरायला. वर्षातून एकदा गावकरी गावाची हद्द पायी फिरतात आणि शिवेवरच्या प्रत्येक दगडावर काठी आपटतात. नकाशे नव्हते तेव्हा हद्द माणसांच्या डोक्यात ठेवावी लागे. म्हणून पूर्वी मुलांना उचलून त्या दगडांवर बसत्या बाजूने आपटत. जागा जन्मभर लक्षात राही. काका नवे आले त्या वर्षी, गावातला सर्वांत नवा जीव म्हणून, शेतकऱ्यांनी त्यांनाच टायसकट उचलून आपटलं. "मी यांना तपासायला आलो होतो, शुभांगी, आणि यांनी मलाच तपासलं," असं ते अजून मला सांगतात. पण त्या दिवसापासून ते या गावचे झाले, आणि पुढे जुनी माणसं गेली तसे सगळे दगड ठाऊक असलेले ते आणि जेफ एवढेच उरले.

काकूंचं वेगळंच. शिवेवरचा दगड म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप करंड्याकडे गेला. पहिल्याच वर्षी सगळे पुढे गेल्यावर त्यांनी मागे राहून दगडांना हळदकुंकू वाहिलं. हळद पावसाने नेली, कुंकू खाचांत टिकलं. पुढच्या फेरीला तो लाल रंग पाहून गावकऱ्यांत कुजबुज सुरू झाली, तेव्हा जेफ ठासून म्हणाला, "रॅडल आहे तो." रॅडल म्हणजे मेंढ्यांच्या पाठीवर खुणेसाठी लावतात तो गेरू. पूर्वीचे मेंढपाळ दगडांनाही लावायचे, असं त्याने सांगून टाकलं. गाव हरखलं. तेव्हापासून जेफ दर वर्षी रॅडलचा डबा घेऊन येतो आणि प्रत्येक दगडाला बोट लावतो. बाहेरून आलेल्यांना व्हिकरबाई ही फार जुनी प्रथा असल्याचं सांगतात. काकू ऐकून घेत आणि पदराआड हसत. काका म्हणत, "इतिहास असाच होतो. आपण फक्त तेव्हा हजर असायला हवं."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. आता काकांची नजर अधू झाली आहे, गाडी बंद, घर विकलं गेलेलं, आणि जूनमध्ये ते मुलीकडे एडिनबराला जाणार होते. ही त्यांची शेवटची फेरी. त्यांना एकच गोष्ट हवी होती. खालच्या ओढ्यातल्या दगडाला कुंकू लावायचं काकूंच्या हातून राहिलं होतं. एका म्हाताऱ्या पेशंटबाईने मरण्यापूर्वी काकांना सांगितलं होतं, की लहानपणी तिला त्यावर आपटलं होतं, विलोच्या झाडाखाली, पात्रात. पुढे पात्र सरकलं, विलो पडला, दगड गाळात गेला. "हिचा एक दगड राहिलाय," काका सकाळपासून हेच म्हणत होते.

बाकीचे सगळे दगड झाले. प्रत्येक ठिकाणी जेफने आणि हेमंतने मला काखेत धरून उचललं आणि आपटलं. ही आज्ञा काकांची. "हिला आपटा. ही लिहून ठेवते, पण लिहिलेलं हरवतं." पन्नाशीच्या बाईला हे शोभत नाही, असं मी पहिल्या दगडावर म्हटलं. नंतर म्हणायला दम उरला नाही.

ओढ्याशी आलो तर पाणी भरभरून वाहत होतं. इथले ओढे हिवाळ्यात टेकडीतून फुटतात आणि उन्हाळा सरता सरता आटतात. मेमध्ये पात्र कोरडं मिळणं शक्यच नव्हतं, आणि हे काकांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि काठी पुढे टाकली.

"डॉक, यू आर नॉट गोइंग इन देअर," जेफ म्हणाला.

"जस्ट टू द नीज, जेफ." म्हणजे फक्त गुडघ्यांपर्यंत.

"व्हॉट नीज?"

हेमंत हसला. काका हसले नाहीत. जेफने त्यांचा दंड धरला तो सोडला नाही, आणि काका बराच वेळ काठीने पाणी चाचपत काठावर उभे राहिले. काठी सगळीकडे मऊ जात होती. व्हिकरबाई हळूच म्हणाल्या, "सप्टेंबरमध्ये आटेल, डॉक्टर." ते म्हणाले, "हो, तेव्हा मी नसेन ना." मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून काकूंचा करंडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. झाकण जरा सैल होतं, तळव्याला लाल लागलं.

जेफने ते पाहिलं आणि स्वतःचा डबा बंद केला. "दॅट्स हर्स," तो म्हणाला. "माइन नेव्हर स्टेड दॅट रेड." त्याचा रॅडल एवढा लाल कधी टिकला नाही म्हणे.

काका त्याच्याकडे वळले. "यू न्यू?" म्हणजे, तुला माहीत होतं?

"मेंढ्यांमध्ये जन्म गेला माझा, डॉक," असं काहीसं तो त्याच्या खास डॉर्सेटी इंग्रजीत म्हणाला. "रॅडल ओळखू येत नाही मला? कोणी घासून काढू नये म्हणून बोललो." एवढं बोलून तो कुत्रीला हाक मारत वर निघाला, आणि काका बूट न घालताच त्याच्या मागोमाग.

काका एडिनबराला रुळलेत असं त्यांची मुलगी सांगते. तिथल्या बसड्रायव्हरांना ते तिथलाच इतिहास सांगू लागलेत. पण दर रविवारी फोन येतो. "आटला का?" सप्टेंबरात आम्ही गेलो, जेफ फावडं घेऊन थांबलेला. यंदाचा उन्हाळा सगळा पावसात गेला, ओढा वाहतच होता. ऑक्टोबरात पुन्हा गेलो. तसाच. आता हिवाळ्याचं पाणी टेकडीतून फुटेल. करंडा माझ्या रकसॅकच्या वरच्या कप्प्यात आहे, झाकणाला रबरबँड लावला आहे, आणि दगड अजून सापडायचा आहे.