समाधानी वापरकर्ती
सुक्या मिरचीचा ठसका लागला की मला रनाळ्याजवळची ती मिरची वाळवायची पथारी आठवते, लालभडक, दुपारी डोळ्यांत शिरणारी. वसतिगृह प्रवेशाचं नवं संकेतस्थळ लोकांना जमतं का, ते तपासायला मी मोबाईल घेऊन गेलो होतो. बोट किती जोरात, किती घाईनं पडतं यावरून माणूस वैतागलाय की खूश, हे त्यातलं सॉफ्टवेअर आपोआप ठरवायचं. देठ खुडणारी एक बाई मुलीचा खराखुरा अर्ज भरायला बसली. ‘पुढे’चं बटण काही केल्या चालेना. ती मात्र बोट दुमडून, सांध्यानं, हलकेच, थांबून थांबून दाबत राहिली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "भाऊ, मन्हा हातले मिरची शे, तुमना मोबाईल खराब व्हई." शेवटी तिनं विचारलं, "फारम ग्या का?" अर्ज गेलाच नव्हता, तरी मी "बघतो" म्हणालो. सॉफ्टवेअरनं लिहिलं: शांत, समाधानी. आमच्या साहेबांना तेच हवं होतं आणि मला परतीची एसटी गाठायची होती; अहवालात मी तेच उतरवलं. संकेतस्थळ होतं तसंच सुरू झालं. पुढच्या हंगामात पुन्हा तिथं गेलो, तर तिची मुलगी तिच्याशेजारी बसून देठ खुडत होती. आज कुणी विचारलं तर मी सगळं सॉफ्टवेअरवर ढकलतो. अहवालाखाली सही मात्र माझी आहे.