लहानपणी ती भारतीय होती

हॅनोव्हरला आले तेव्हा मला जर्मनमधलं 'डांके' म्हणजे धन्यवाद आणि 'बिटे' म्हणजे प्लीज, एवढंच येत होतं. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, त्याचं दिवसभर इंग्रजीवर भागायचं. माझं भागेना. बेकरीत, डॉक्टरकडे, खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी, सगळीकडे नुसते हातवारे. म्हणून मी प्रौढांसाठीच्या सकाळच्या जर्मन वर्गात नाव घातलं. दोन हजार सहाचा हिवाळा होता तो.

वर्गात तीन तुर्की बायका होत्या, रशियाहून आलेलं एक वयस्क जोडपं होतं, एक इराणी दंतवैद्य होता. माझ्या शेजारी बसायची ती माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असावी. गव्हाळ रंग, रुंद कपाळ, दाट केस. मला वाटलं, गोव्याकडची असणार. पहिल्याच दिवशी मी तिला सरळ हिंदीत विचारलं, "आप कहाँ से?"

तिला हिंदी कळलं नाही, पण प्रश्न कळला. "ऑस्ट्रेलिया," ती इंग्रजीत म्हणाली.

"हो, पण मूळची कुठली?"

"मूळचीच," ती म्हणाली.

माझ्या डोक्यातला ऑस्ट्रेलिया म्हणजे नाकाला पांढरं क्रीम फासून गोलंदाजी करणारे गोरे. मी मान हलवली आणि वही उघडली. तिथले मूळ रहिवासी शाळेच्या भूगोलात अर्ध्या पानात येऊन गेले होते, भाला धरलेल्या माणसाच्या चित्रासकट. त्या चित्राचा आणि शेजारी चष्मा पुसत बसलेल्या बाईचा काही संबंध असेल, हे मला सुचलंही नाही.

ते कळलं घड्याळाच्या धड्याला. आमच्या बाई निवृत्तीला आलेल्या होत्या, मायाळू होत्या. त्यांनी पुठ्ठ्याचं घड्याळ आणलं होतं. पाव म्हणजे फिर्टेल, अर्धा म्हणजे हाल्ब. काटे फिरवायच्या आणि सगळ्यांकडून म्हणवून घ्यायच्या. हिची पाळी आली तेव्हा हिने पेन खाली ठेवलं आणि ती बाहेर निघून गेली. बाईंनी मला खूण केली, बघ जरा.

ती जिन्यात उभी होती. म्हणाली, "काही नाही गं. माझी आजी पूर्ण होती, आई अर्धी, मी पाव. सरकारी कागदांत आम्हाला असंच लिहायचे. आज त्यांनी मला पाव म्हणायला लावलं, तर तिथे बसवेना."

आपल्याकडे चहापत्ती घेतात तसं पाव आणि अदपाव माणसांचं! मला हे नीट समजलंच नाही. मी विचारलं, "पाव म्हणजे कशाचा पाव?"

"रक्ताचा," ती म्हणाली. "गोरं नसलेल्या रक्ताचा."

त्यानंतरच्या शुक्रवारी बाईंनी आणखी एक सुंदर कल्पना काढली. प्रत्येकाने आपल्या मातृभाषेतली एक अंगाई म्हणून दाखवायची. तुर्की बायकांनी म्हटली, रशियन आजी म्हणता म्हणता रडल्या, मीही आईची अंगाई निम्मी विसरत म्हटली. हिने सांगितलं, "माझ्याकडे नाही."

"पण तुमची मातृभाषा इंग्लिश आहे ना?" बाई म्हणाल्या.

"हो, बोलते इंग्लिशच. पण ती माझ्या आईच्या आईची नाही. तिची कुठली होती तेही मला माहीत नाही."

बाई गोंधळल्या. त्यांना मनापासून मदत करायची होती. "मग आपण इंग्लिशच धरू, चालेल?" ती हो म्हणाली. रशियन आजोबांनी उगाचच टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी ट्रामच्या थांब्याजवळ कॉफी प्यायला बसलो आणि तिने मला सगळं सांगितलं. तिची आजी एका नदीकाठच्या वस्तीत राहायची. तिथे अधूनमधून पोलिसांची गाडी यायची आणि गोऱ्या बापांपासून झालेली, रंगाने उजळ असलेली मुलं उचलून न्यायची. काळ्या मुलांचं काही होणार नाही, उजळ पोरं मात्र सुधारतील, त्यांची लग्नं गोऱ्यांशी लावली तर दोन-तीन पिढ्यांत रंग धुऊन जाईल, असा हिशेब. गाडीचा आवाज आला की आजी मुलीच्या अंगाला कोळसा चोळायची. एकदा कोळसा चोळायला वेळ मिळाला नाही. मुलगी पाच वर्षांची होती. गाडीतून फिरवून आणतो म्हणाले. आजी गाडीमागे पळाली. त्या दोघी पुन्हा भेटल्या नाहीत.

मुलीला एका आश्रमात ठेवलं. आपल्या भाषेतला शब्द तोंडून निघाला की साबणाने तोंड धुवायचे. वयात आल्यावर तिला एका गोऱ्या शेतकऱ्याकडे मोलकरीण म्हणून पाठवलं. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली, आणि तिने लांबच्या एका गावात बिऱ्हाड केलं, जिथे कुणी ओळखत नव्हतं.

"तिथे आईने आम्हाला एकच गोष्ट शिकवली," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही भारतीय आहोत. शोकेसमध्ये पितळेचा हत्ती होता, येणाऱ्याला दिसेल असा. एकदा खरोखरचं एक पंजाबी कुटुंब गावात आलं, तर आई आठवडाभर घराबाहेर पडली नाही."

"पण भारतीयच का?"

"भारतीयांची मुलं कुणी उचलून नेत नव्हतं."

ती हसत होती. "वर्गात पहिल्या दिवशी तू शेजारी येऊन बसलीस तेव्हा मला पकडल्यासारखं झालं. आता ही मला काहीतरी विचारणार आणि मला येणार नाही."

मला काय वाटलं ते मला आजही धड सांगता येत नाही. आधी थोडं बरं वाटलं, की आपल्या नावाचा कुणाला आडोसा झाला. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. त्यात आमच्या इमारतीतल्या आजोबांची भर. तेही मायेचेच, पार्सल आलं तर ठेवून घ्यायचे. एकदा जिन्यात माझा हात हातात घेऊन म्हणाले होते, "तुम्ही भारतीय तर खरे आर्य. आमच्या शाळेत शिकवायचे." मी चक्क डांके म्हटलं होतं. वर आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, ते कुठल्या काळातल्या शाळेत गेले असतील त्याचा विचार कर." मी तो विचार केला नव्हता.

हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपण नातेवाईक. आमच्याकडच्या गोऱ्या पंडितांनी एकदा ठरवलं होतं की आम्हीसुद्धा मूळचे गोरेच, फार जुने, जरा करपलेले. म्हणून तर धुऊन निघतील असं वाटलं त्यांना." आम्ही दोघी खूप हसलो. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. घरी येताना मात्र मला कळेना, यात हसण्यासारखं काय होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मला मुलगी झाली. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपणाला सासूबाई आल्या. सासूबाई मूळच्या चंद्रपूरच्या. गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेत त्यांनी अख्खी नोकरी केली, तीही स्वतःहून मागून घेऊन. सासऱ्यांना शहरात ठेवून, दोन लहान मुलांना घेऊन त्या रानात राहिल्या. आमच्या घरात त्यांच्याविषयी आदराने बोलतात, आणि ते बरोबरच आहे.

माझी मैत्रीण बाळाला बघायला आली तेव्हा सासूबाई मांडीवर बाळ घेऊन त्याला साय आणि डाळीचं पीठ लावत होत्या. तिने विचारलं, हे काय? मी सासूबाईंना विचारलं.

"रंग उजळतो म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. "बापावर गेली आहे पोरगी, आताच लावलेलं बरं."

मी भाषांतर केलं. ती बाळाच्या पिठाळलेल्या पायांकडे बघत राहिली. "माझी आजी कोळसा लावायची," ती म्हणाली. हे मी सासूबाईंना सांगितलं, आणि का लावायची तेही सांगावं लागलं. मग गाडी, आश्रम, साबण, सगळंच.

सासूबाईंचे डोळे भरले. "काय बाप्पा माणसं तरी! आईपासून लेकरू तोडायचं?" त्यांनी तिचा हात धरला, पीठ लागलेल्या हाताने. मग म्हणाल्या, "तिला सांग, मीही अशाच लेकरांना शिकवलं. गोंड, माडिया. जंगलातून यायची, अंगावर धड कपडा नसायचा. मराठीचं अक्षर येत नसे. मी त्यांना माणसात आणलं म्हणावं."

मी सांगितलं. तिने हात काढून घेतला नाही. "शाळेतच राहायची ती?" तिने विचारलं.

"हो तर. वसतिगृह होतं. दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी जायची."

"आणि त्यांची भाषा?"

सासूबाई म्हणाल्या, "काय विचारते?" मी सांगितलं.

"वर्गात नाही बोलू द्यायचे मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कसलाही संकोच नव्हता. "बोलला की उभं करायचे. नाहीतर मराठी येणार कशी? परीक्षा मराठीत, नोकरी मराठीत. एक मुलगा दहा दिवस काही बोललाच नाही, पाणीसुद्धा मागेना. अकराव्या दिवशी म्हणाला, बाई, पाणी द्या. मी त्याला जवळ घेतलं. आज तहसील कचेरीत आहे तो. अजून फोन करतो मला, दर गुरुपौर्णिमेला."

हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं, काही गाळलं नाही. सांगताना प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून वेगळंच ऐकू येत होतं. तीच सासूबाईंची गोष्ट मी लग्नानंतर कितीदा ऐकली होती, अकराव्या दिवशीच्या पाण्यापाशी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. आता ती गोष्ट मी कुणाच्या बाजूने सांगते आहे, तेच कळेना.

मैत्रिणीला राग आला असावा असं वाटलं. तिने एवढंच म्हटलं, "विचार, त्या मुलाच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात?"

"येर," सासूबाई लगेच म्हणाल्या. मग आणखी शब्द सांगू लागल्या, भराभर, भाताला काय, झाडाला काय, घरी जायचंय याला काय. मला आश्चर्य वाटलं. "आई, तुम्हाला गोंडी येते?"

"येत नाही गं. पण कुठले शब्द अडवायचे ते कळायला नको?" म्हणाल्या आणि बाळाच्या पायांवरचं पीठ पुसू लागल्या.

"येर," माझी मैत्रीण म्हणाली. पुन्हा म्हणाली. सासूबाईंनी तिचा उच्चार सुधारला. मग बाळ रडायला लागलं आणि त्या उठल्या. मैत्रीण निघाली तेव्हा सासूबाईंनी तिची ओटी भरली. तिने वाकून त्यांच्या गालाचा मुका घेतला. ट्रामपर्यंत सोडायला मी खाली गेले. "तुला वाईट वाटलं का?" मी विचारलं. ती म्हणाली, "माहीत नाही. तुझी सासू मला आवडली. तेच मला कळत नाहीये."

सासूबाई भारतात परत गेल्या. पुढच्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत उचलून नेलेल्या मुलांची माफी मागितली. जर्मन बातम्यांत मिनिटभर दाखवलं. मैत्रीण त्याच सुमारास आईला भेटायला तिकडे गेली होती, आणि मग तिथेच राहिली. ज्याच्यामुळे ती हॅनोव्हरला आली होती तो तिचा जर्मन नवराही नंतर तिकडे गेला. तिची आई वृद्धाश्रमात होती, स्मरण कमी झालेली. माफीच्या दिवशी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं. एका नर्सने तिच्या आईचे हात धरून म्हटलं, आज तुमचा दिवस. आई म्हणाली, माझा काय संबंध, मी भारतीय आहे. मैत्रिणीने मला हे फोनवर सांगितलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर सासूबाईंचा फोन आला. तो तहसीलवाला विद्यार्थी त्यांना आपल्या गावी घेऊन गेला होता. इतकी वर्षं शाळेत काढून त्या मुलांच्या गावात त्या कधी गेल्याच नव्हत्या. "त्याच्या म्हाताऱ्या आईला भेटले," सासूबाई म्हणाल्या. "तिने माझा हात धरून ठेवला आणि कितीतरी वेळ बोलत होती. मी त्याला विचारलं, काय म्हणते रे? तर तो म्हणाला, बाई, जुनं बोलते ती, मलाही सगळं समजत नाही."

"मग?"

"मग काय. जेवलो, निघालो." फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुझ्या त्या मैत्रिणीला सांग."

"काय सांगू, आई?"

"हेच. म्हातारी काहीतरी बोलली म्हणावं."

मी दोन दिवसांनी फोन लावला आणि जसंच्या तसं सांगितलं. मग तिने विचारलं, "शिव्या देत असेल की आशीर्वाद? तुला काय वाटतं?"

"मला गोंडी कुठे येते?" मी म्हटलं.

"मलाही नाही," ती म्हणाली, आणि बाळ बोलायला लागलं का ते विचारू लागली.