सरांच्या तक्त्यातल्या दोन ओळी

मी फटकळ बाई आहे. सांगलीत आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. कामावरच्या पोरांनी प्रोग्रॅममध्ये घोळ घातला तर मी आडवळणानं बोलत बसत नाही. "हे चुकलंय, नीट कर," एवढंच सांगते. मग सरांच्या बाबतीतच माझी जीभ कुठं गेली होती, हे मला कळत नाही. म्हणजे कळतं, पण लिहायला लाज वाटते.

सर म्हणजे कराडला कॉलेजात ज्यांनी मला प्रोग्रॅमिंग शिकवलं ते. निवृत्त होऊन आता साताऱ्यात असतात. एका प्रोग्रॅमिंग भाषेची माहितीची पानं आम्ही काही जण हौसेनं मराठीत लिहितो. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, असा तिथला रिवाज. त्यातलं फाइल उघडायचं पान सरांचं. फाइल कशासाठी उघडतोय ते एका अक्षरानं सांगावं लागतं. 'ए' दिलं तर आधीच्या मजकुराच्या पुढं लिहिलं जातं. 'डब्ल्यू' दिलं तर आधीचं सगळं पुसलं जातं आणि कोऱ्या फाइलीत लिहायला सुरुवात होते. सरांच्या तक्त्यात नेमक्या या दोन ओळींची अदलाबदल झाली होती, 'डब्ल्यू'पुढं 'ए'चं काम लिहिलेलं आणि 'ए'पुढं 'डब्ल्यू'चं.

मला ते वाचता वाचता दिसलं. दुसऱ्या कुणाचं पान असतं तर चहा निवायच्या आत दुरुस्त करून मोकळी झाले असते. पण इथं कुणी काय बदललं ते नावानिशी दिसतं. दर दिवाळीला ज्यांच्या पाया पडायला जायचं, त्यांच्या लिखाणावर चारचौघांत काट मारायची? माझा हात होईना. मी पानाखालच्या चर्चेत लिहिलं, "सर, फारच सुंदर मांडणी. हे पर्याय वापरताना वाचकांनी थोडी काळजी घेतलेली बरी, असं नम्रपणे वाटतं." सरांनी खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. कसली काळजी, कुणी घ्यायची, देव जाणे. मी मात्र माझं काम झालं असं समजून गप्प बसले.

ती काळजी घ्यायची वेळ आली जतकडच्या एका सुभेदारांवर. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, कॉम्प्युटर तिथंच ऑफिसात शिकलेला. घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. त्यांच्या आईकडं मेंढरांसाठी शब्दच शब्द होते. मागं रेंगाळणारी, कोकराला पाजू न देणारी, एका कानानं काळी, प्रत्येकीला वेगळा शब्द. निम्मे मराठी, निम्मे कानडी. आईजवळ बसून सुभेदारांनी ते सगळे एका फाइलीत उतरवून घेतले. मग आई गेली. वर्षश्राद्धाला आलेल्या मावशीच्या तोंडून आणखी एक शब्द निघाला, तो फाइलीच्या शेवटी घालावा म्हणून त्यांनी आमचं पान उघडलं. तक्त्यात बघून 'डब्ल्यू' दिलं.

"फाइल रिकामी झाली, मदत करा," असा त्यांचा निरोप आमच्या ग्रुपवर आला. मी लगेच फोन लावला.

"दुसरीकडं कुठं कॉपी ठेवलीय का?"

"न्हाई ओ म्याडम. योकच फाइल व्हती. आता तिच्यात तेवढा मावशीचा शब्द हाय."

"पानावर बघूनच केलंत ना?"

"व्हय. पन सरांच्या पानात चूक कशी आसंल? माझंच कायतरी चुकलं. ह्या वयात आसल्या नादाला लागू न्हाई, दुसरं काय."

तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "बघू काय करता येतं." फोन ठेवला आणि आधी तक्ता दुरुस्त केला. बदलाचं कारण लिहायची जागा असते, तिथं लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. किरकोळ. त्यानंतर फोनवरून त्यांना एकेक गोष्ट सांगत ती फाइल परत मिळवायची खूप खटपट केली. काही हाती लागलं नाही.

त्या रविवारी एसटीनं साताऱ्याला गेले आणि सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पानाची जुनी प्रत नीट वाचली.

"मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी लिहिलेलं हे," ते म्हणाले. "ओळीवर ओळ दिसायची मला तेव्हा. तुला कधी दिसलं?"

"पान पहिल्यांदा वाचलं तेव्हाच."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"अगं, 'डब्ल्यू'नं फाइल कोरी होते हे तुला शिकवलं कुणी? मीच ना? मग ते मलाच माहीत नसेल, असं वाटलं तुला?"

खरं तर वाटलं होतं. सर आता थकले, त्यांना आता हे जमत नाही, असंच मनात आलं होतं. मी ज्याला आदर म्हणत होते, त्याच्या तळाशी हे होतं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडून नंबर घेतला, सुभेदारांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सुभेदार, ते पान मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. तुमचं काहीही चुकलेलं नाही. मला माफ करा."

पलीकडून आवाज आला. "आवं सर, तुमी कशाला माफी मागताय? गेलं ते गेलं. पन त्या सांगलीच्या म्याडम लय चांगल्या हायत बगा. माझ्यासाठी लय खपल्या. त्यान्ला माझा नमस्कार सांगा."

सरांनी फोन माझ्यापुढं धरला. मी मान हलवून नको म्हटलं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग फोनमध्ये म्हणाले, "सांगतो."