मेढ रोवायला माती

परवा पुतणीच्या हळदीला मांडवाची मेढ वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यात उभी राहिली आणि मला वळ गावातल्या आमच्या शेजारच्या काकूंची ती धांदल आठवली. गोदामांना जमीन दिल्यावर त्यांनी बंगला बांधला, चहूबाजूंनी चकचकीत लाद्या बसवल्या, आणि तेव्हापासून आमचं शेणाने सारवलेलं अंगण त्यांच्या डोळ्यांत खुपू लागलं. "तुमचे दारान शेन, माजे पावन्यांना वास येतं," असं त्या आईला येता-जाता ऐकवायच्या. मग त्यांच्या मुलाची हळद आली. बेंजोवाले आले, पाहुण्यांच्या गाड्या रस्ताभर लागल्या, आणि मेढ रोवायला बंगल्याभोवती वीतभर माती नाही! लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेढ मातीनच रवाची. लादीवं मी न्हाय गानार." मुहूर्त टळत चाललेला! काकू धावत आमच्या दारात आल्या. आईने शेणाची बादली पुढे सरकवली. "चल गो, दोघी सारवू." काकूंनी भरजरी साडी खोचली आणि खरंच शेणात हात घातला! मग आमच्या अंगणात पहार चालली, मेढ रोवली गेली, मांडव आमच्या दारापर्यंत ताणला, धवलारणीचा आवाज चढला आणि बेंजोवर नाचून नाचून माझी चप्पल तुटली. परवाचा तो वाळूचा डबा मात्र मीच भरून आणला. लाद्या आता आमच्याही अंगणात आहेत, आणि शेजारीही कुणाकडे माती उरलेली नाही.