चिकूच्या झाडानं घेतलेलं ऊन

मी सुरतेतल्या लिंबायत भागातला, सोलर पंप बसवण्याचं काम करतो. एकदा सुरतेबाहेरच्या चिकूवाडीत काम चालू असताना मालकीणबाईंनी विचारलं, "भाई, माझं झाड किती ऊन खातं?"

मग मी एक छोटं पॅनल आधी उघड्यावर धरलं, नंतर झाडाखाली. त्याला जोडलेल्या मीटरचा आकडा दहाव्या हिश्श्यावर आला.

"म्हणजे बाकीचं सगळं झाडानं खाल्लं?"

"थोडं पानांवरून परत जात असेल, बेन."

"तेही मोजा की."

शिडीवर चढून मी पॅनल शेंड्याच्या वर, खाली पानांकडे तोंड करून धरलं. तिथंही तेवढाच आकडा आला. वजाबाकी करून म्हणालो, "दहातले आठ भाग झाडाचे."

तो अंदाजच होता, पण त्यांना दुसरं झाडही मोजायचं होतं, आणि मलाही. त्या दिवशी पंप उशिरा सुरू झाला.